शाल-श्रीफळ नको, कष्टाची वही आणा



जिल्हा मेळाव्यात ‘अथक कष्ट करणाऱ्या शेतकऱ्यांचा व कार्यकर्त्यांचा सत्कार’ ठेवावा, अशी सूचना आली आहे. आमचा तिला विरोध आहे. विरोध कष्टाला नाही, कष्टाच्या आरतीला आहे.

शेतकऱ्याच्या कष्टाची आरती आजवर कोणी कमी ओवाळली? बळीराजा, अन्नदाता, जगाचा पोशिंदा! पदव्यांची खैरात चालूच आहे. पदवी देऊन भागत असेल तर भाव कोण कशाला देईल?

आम्ही शेतकीचे पदवीधरही याच पंगतीतले. धुऱ्यावर उभे राहून सांगत होतो, आणखी एक डवरणी करा, आणखी एक फवारणी करा, कष्टाला फळ आहे. एकरी उतारा वाढला. पदरात काय उरले, हे विचारायला आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते.

शरद जोशी ते विचारायला शेतात शिकले. बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते १९७६ साली परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राबले. नुसते राबले असते तर एखादा ‘आदर्श शेतकरी’ पुरस्कार मिळून विषय संपला असता. त्यांनी हिशेब ठेवला. तोटा येतो तो आळसाने नव्हे, अडाणीपणाने नव्हे, भाव पाडल्याने येतो, हे त्या हिशेबाने दाखवले. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनामागे हा हिशेब होता.

आज आपली वही कुठे आहे?

सरकार २०१८ पासून दीडपट हमीभावाचे ढोल बडवते. ही दीडपट धरली जाते रोख खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढ्यावर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज त्यात नाही. हे आपण भाषणात ठणकावून सांगतो. पण ‘तुमच्या घरच्यांचे एकरी किती दिवस लागले?’ असे कोणी उलट विचारले, तर आपल्यापैकी किती जण उत्तर देतील?

दिवसभर वाकून एक बाई साधारण पंचवीस-तीस किलो कापूस वेचते. म्हणजे क्विंटलमागे तिचे चार दिवस गेले. मजुरीने बाई लावली तर पैसे मोजावे लागतात, म्हणून तो खर्च लक्षात राहतो. घरची बाई वेचते तेव्हा तो ‘संसार’ होतो! कार्यकर्ता सभेला जातो तेव्हा त्याच्या वाटणीचे डवरे घरची बाई धरते, ज्वारीची राखणही तीच करते. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. इतकी वर्षे उलटली, तरी तिचा दिवस आपल्याच घरात लिहिला जात नाही. मग दिल्लीने तो बुडवला, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

मार्च २०१२ मध्ये कापसाच्या निर्यातीवर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले गेले. दोन्ही वेळा गिरण्यांचे आकडे टेबलावर होते. आपल्याकडे काय होते? घाम. घामाची पावती नव्हती.

म्हणून आमची सूचना अशी. सत्काराचा तास रद्द करा. प्रत्येक गावाने एक एकर कापूस आणि एक एकर ज्वारीचा हिशेब आणावा, पहिल्या वखरणीपासून बाजारापर्यंतचा. बियाणे, खत, फवारणी, बैल किंवा ट्रॅक्टर, मजुरी, खंड, व्याज हे सगळे लिहा. घरच्या पुरुषांचे दिवस वेगळे, घरच्या बायांचे दिवस वेगळे. दर गावातल्या मजुरीचाच लावा. आकडा फुगवू नका, खऱ्या आकड्याला कोणी खोडू शकत नाही.

शाल पेटीत पडून राहते, नारळ दुसऱ्या दिवशी फुटतो. अथक राबणे आपल्याला कोणी शिकवायला नको. राबलेला दिवस लिहायला मात्र शिकलेच पाहिजे.

मेळाव्याला येताना हार आणू नका. वही आणा, आणि वहीतले दिवस जिने राबून काढले तिलाही सोबत आणा.