कापलेला कर आणि परताव्याची मुदत

शेतीचें उत्पन्न करमुक्त आहे, तेव्हां आयकर खात्याशीं आपला संबंध तो काय, अशी समजूत आपल्या शेतकरीवर्गांत रूढ आहे. समजुतीचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र पुष्कळांच्या गांठचा पैसा घालविणारा आहे. कर देय असो वा नसो, तो मुळांतच कापून घेण्याची पद्धत आहे, आणि कापलेला कर परत मागावयाचा तर विवरणपत्र भरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

ऊस वा द्राक्षें विकून आलेला पैसा बँकेंत मुदत ठेवीनें ठेविला कीं त्याचें व्याज हें शेतीचें उत्पन्न राहत नाहीं. एप्रिल 2025 पासून एका बँकेंतील वार्षिक व्याज 50 हजारांवर, व ज्येष्ठ नागरिकांचें एक लाखावर, गेलें म्हणजे शेंकडा 10 कापले जातात. पॅन दिलेला नसेल तर शेंकडा 20. ज्यांस कर लागूच होत नाहीं अशा पात्र ठेवीदारांनीं 15-जी किंवा 15-एच या नांवानें परिचित असलेलें घोषणापत्र वर्षारंभींच बँकेंत दिलें तर ही कपात टळते.

याहून मोठी रक्कम अडकते ती भूसंपादनांत. शेतजमिनीच्या मोबदल्यांतून कर कापावयाचा नाहीं, हें ठीक. परंतु न्यायालयानें मोबदला वाढवून दिला कीं त्यासोबत कित्येक वर्षांचें व्याज येतें, व त्या व्याजांतून शेंकडा 10 कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हातीं पडते. 1961 च्या कायद्यानें हें सारें व्याज मिळालें त्या वर्षाचें उत्पन्न धरिलें, पण त्यांतील निम्मी रक्कम वजा करण्याची सवलतही ठेविली. समजा, 2025-26 सालीं एखाद्यास असें 12 लाख व्याज मिळालें. 1 लक्ष 20 हजार कापले गेले. करपात्र ठरले 6 लाख. आणि शेतीखेरीज दुसरें उत्पन्न नसेल तर नव्या करपद्धतींतील सवलतीमुळें त्यावर सामान्यतः कांहींच कर उरत नाहीं. म्हणजे कापलेली सर्व रक्कम त्याचीच. परंतु 'शेतकऱ्याला कसला कर' म्हणून तो स्वस्थ बसला तर ती सरकारांत राहील.

विवरणपत्राची मुदत, धंद्याचें उत्पन्न नसणारांस, सामान्यतः 31 जुलै. हे दिवस भांगलणीचे व खताच्या मात्रेचे. कागद शोधण्यास सवड कोणाला? ती चुकल्यास 31 डिसेंबरपर्यंत उशिराचें विवरणपत्र चालतें. भरल्यावर 30 दिवसांच्या आंत त्याची पडताळणी केली नाहीं तर वेळेवर भरल्याचा लाभ हातचा जातो. परतावा ज्या खात्यांत यावयाचा तें खातें आधीं प्रमाणित झालेलें असावें लागतें. आणि आमच्याकडे तर सातबाऱ्यावर एक नांव, आधारपत्रावर दुसरें व पॅनवर तिसरें! वार्षिक शेतीउत्पन्न 5 हजारांवर असेल तर सर्वांत सोपा असा पहिला नमुना चालत नाहीं, हेंही अनेकांस ठाऊक नसतें.

आतां सरकारच्या बाजूची मुदत पाहा. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षांत भरलें तें संपल्यावर आणखी 9 महिने खात्यास तपासणीसाठीं आहेत. ऑगस्ट 2025 मध्यें भरलेल्या विवरणपत्राचा निकाल लावण्यास 31 डिसेंबर 2026 पर्यंत मुभा! पुष्कळ परतावे कांहीं आठवड्यांतच येतात, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण ज्याचा अडला त्यानें विचारावें कोणाला? 1961 च्या कायद्यानें परताव्यावरील व्याज दरमहा अर्धा टक्का ठेविलें, आणि करदात्यानें उशीर केल्यास त्याचेकडून दरमहा एक टक्का. विवरणपत्र उशिरा भरलें तर परताव्याचें व्याजही त्या तारखेपासूनच सुरू होतें.

आमचा मुख्य आक्षेप याहून पुढचा आहे. राहिलेला कर भरावयाचा असेल तर 2025 च्या वित्त कायद्यानें अद्ययावत विवरणपत्राची मुदत 24 महिन्यांवरून 48 महिन्यांवर नेली. परंतु त्या मार्गानें परतावा मागतां येत नाहीं. देण्यास चार वर्षें, घेण्यास मात्र 31 डिसेंबर! 2025 च्या नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यांत तर उशिरा विवरणपत्र भरणाराचा परताव्याचा हक्कच जाण्याजोगी तरतूद होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ती काढण्याची शिफारस केली व अंतिम कायद्यांतून ती गेली.

डिसेंबर चुकलेल्यांस विलंब माफीचा अर्ज करतां येतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणें करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पांच वर्षांच्या आंत तो करावा. एक कोटीपर्यंतच्या मागणीचा निर्णय प्रधान आयुक्त करतात, शक्यतों सहा महिन्यांत. अशा परताव्यावर व्याज नाहीं. शिवाय खरी अडचण होती हें अर्जदारानें पटवून द्यावयाचें. पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठीं रात्र जागणाऱ्या माणसानें आपली अडचण शाबीत करावी, तीही स्वतःच्याच पैशासाठीं, हें आम्हांस मान्य नाहीं. अद्ययावत विवरणपत्राची 48 महिन्यांची मुदत कापलेल्या कराच्या परताव्यासही लागू करावी, अशी मागणी शेतकरी संघांनीं अर्थखात्याकडे लेखी पाठवावी. तोंपर्यंत, ज्या सभासदांस वाढीव मोबदला मिळाला आहे त्यांनीं निवाड्याची प्रत, कपातीचा दाखला व बँकेचें पुस्तक घेऊन दिवाळीपूर्वींच जाणत्या करसल्लागाराकडे जावें.