साडेतीन हजार शब्दांचा रट्टा

आमच्या तालुक्यात आता जीआरईचे क्लास निघालेत. चांगलंच आहे. पण तिथं शिकवतात काय? शब्दांची यादी! रोज पन्नास शब्द, शनिवारी टेस्ट. लॅकॉनिक म्हणजे मितभाषी, पाठ करा, पुढे चला. बॅरन्सच्या त्या जुन्या ३,५०० शब्दांच्या यादीची झेरॉक्स अजून फिरतेय.

अहो, विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे सुटे प्रश्न जीआरईतून २०११ सालीच गेले. आता गाळलेला शब्द अख्ख्या वाक्याच्या संदर्भावरून ओळखावा लागतो. आणि पोरांची विकेट बऱ्याचदा ओळखीच्याच शब्दावर जाते. सँक्शन म्हणजे मंजुरी, हे घरकुलाच्या फायलीमुळे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अमेरिकेनं रशियावर घातलेले सँक्शन्स म्हणजे निर्बंध! शब्द एकच, अर्थ जवळजवळ उलटे. हा फरक रोज पेपर वाचणाऱ्यालाच कळतो.

‘मराठी मीडियमची पोरं, त्यांना नाही झेपत,’ असं एक क्लासवाले सर मला म्हणाले. साफ खोटं. त्यांना वाचायला मिळतच नाही. फी हजारांनी घेता, मग क्लासमध्ये एक इंग्रजी दैनिक का येत नाही? आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या आमच्या वाचनालयांनो, तुमच्या टेबलावर तरी ते कुठंय?

पालकहो, प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फ्लेक्सवरच्या स्कोअरबरोबर एवढं विचाराच: पोरांना इथं वाचायला काय देता?