लांब फळीवरची चाल



आपली नातवंडं आज बगलेत लहानशी टोकदार फळी मारून समुद्रावर जातात. पण १९५६ साली डॉ. डोरियन पास्कोविट्झ यांनी अमेरिकेहून तेल अवीवच्या किनाऱ्यावर लाटेवर स्वार होण्याची विद्या आणली, तेव्हाच्या फळ्या लांबच होत्या. आखूड फळ्यांचं वारं १९६७-६८ नंतर आलं आणि लांब फळीवाले एकदम म्हातारे ठरले! पुढे १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जोएल ट्यूडरसारख्या तरुणांनी तिला परत मान मिळवून दिला.

ही फळी नऊ फूट किंवा त्याहून लांब, पुढून गोल, खाली मागच्या बाजूला एकच मोठं पातं. ती पटकन वळत नाही, म्हणून तिच्यावरची खरी कला चालण्याची. लाट धरली, फळी तिरकी लावली, की एक पाय दुसऱ्यावरून टाकत टाकत पुढच्या टोकाशी जायचं. पाय घासत सरकलात तर जुने लोक नाक मुरडतात. टोकावर पायाची दहाही बोटं बाहेर काढून उभं राहिलं, तरी फळी बुडत नाही. कारण लाटेचं पाणी मागच्या भागावर चढून तो दाबून धरतं. मग लाट कोसळायच्या आत तसंच पावलं टाकत मागे. आणि हे सगळं कसं, तर काहीच करत नसल्यासारखं. हात झाडले की शोभा गेली.

पण आम्हाला विचाराल तर शोभा नुसती पायांत नसते. लांब फळीला लाट लवकर सापडते, दूरवर, बाकीच्यांच्या आधी. आपल्याकडच्या बारक्या लाटांत तर ती असलेला माणूस एकेक करून सगळ्याच लाटा घेऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या मिकी डोराला त्याच्या मांजरासारख्या चालीमुळे लोक 'मांजर' म्हणत, पण आपल्या लाटेवर आलेल्याला ढकलून द्यायलाही तो प्रसिद्ध होता. त्याचे पाय घ्यावेत, बाकीचं नको. दोन लाटा घेतल्या की तिसरी शेजारच्या पोराला सोडावी.

आणखी एक. जुन्या रीतीचे लोक पायाला दोरी बांधत नाहीत. पडलात तर पोहत जाऊन फळी आणा, म्हणतात. मोकळ्या पाण्यात ठीक आहे. हिल्टन बीचवर शनिवारच्या गर्दीत नऊ फुटांची सुटी फळी कुणाचं तरी डोकं फोडेल. तिथे दोरी बांधाच.