दहा थाट, एकच वाचन

हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्याला सुरुवातीच्या वर्षांतच दहा थाट पाठ करावे लागतात. बिलावलात सगळे स्वर शुद्ध, कल्याणात मध्यम तीव्र, भैरवीत रे, ग, ध, नि हे चारही कोमल. डोळस विद्यार्थ्याला हे पुस्तकात दिसते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. आता हेच पान संगणकावर घेऊन दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचायला द्यावे. तो अक्षरे वाचतो. अक्षराखालची रेघ ही बहुतेक वेळा त्याच्या लेखी केवळ सजावट असते. म्हणून बिलावल : सा रे ग म प ध नि. कल्याण : सा रे ग म प ध नि. भैरवी : सा रे ग म प ध नि. दहाही थाट सात स्वरांचेच असल्याने दहांचे वाचन एकच. स्वराच्या वरचे आणि खालचे टिंब गळले की तार आणि मंद्र सप्तकही गळते. मींडेची कमान, एका मात्रेत बसवलेल्या स्वरांखालची चंद्रकोर यांचीही तीच गत.

हे सारे फाइल नीट टंकलेली असेल तर! संगीताची बरीच जुनी पुस्तके संगणकावर मिळतात ती पानांच्या छायाचित्रांच्या रूपात, किंवा युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये. तिथे स्क्रीन रीडर एक तर गप्प बसतो, नाही तर अगम्य बडबडतो.

यावरचे उत्तर ठरलेले आहे. ही गुरुमुखी विद्या; कागद हवाच कशाला? शिवाय दृष्टिहीनांचा कान जात्याच तयार असतो; रवींद्र जैन जन्मांध असूनही केवढे मोठे संगीतकार झाले. ते झाले, यात शंका नाही. पण हे कौतुक आपल्याला सोयीचे पडते. डोळस शिष्यही गुरूसमोर बसूनच शिकतो, मात्र घरी गेल्यावर वही उघडतो. ती वही दृष्टिहीनाला मिळू द्यायची नाही आणि वर त्याच्या स्मरणशक्तीचे गोडवे गायचे, हा न्याय नव्हे. संगीताच्या लेखी परीक्षेत बंदिश स्वरलिपीत लिहायचा प्रश्न असतो. लेखनिक संगीत न जाणणारा असेल, तर ‘कोमल रे, मंद्र नि, दुसऱ्या मात्रेवर दोन स्वर’ हे सांगता सांगताच वेळ संपतो. पुढे संगीतशिक्षकाची नोकरी करायची, नव्या बंदिशी स्वतः वाचून बसवायच्या, संशोधन करायचे, तर गळा आणि कान एवढ्यावर भागत नाही.

इतिहासही या ‘कागद कशाला’च्या बाजूने साक्ष देत नाही. लुई ब्रेल हा स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. १८२९ साली त्याने आपली टिंबांची लिपी पुस्तकरूपाने प्रथम मांडली, तेव्हा त्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्दांच्या जोडीला संगीत होते. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याच्या अपघाताने इजा झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अधू दृष्टीच्या या माणसाने स्वतःची स्वरलिपी तयार केली, कारण वर्गात अनेकांना शिकवायचे तर लिहिलेले हाताशी हवे, हे त्यांना कळले होते.

अडचण तांत्रिक आहे, पण अवघड नाही. कर्नाटक संगीतात स्वरांचे भेद रि १, रि २ अशा आकड्यांनी दाखवण्याची पद्धत आहे. आकडे कोणताही स्क्रीन रीडर वाचतो. रोमन लिपीत शुद्ध स्वर मोठ्या अक्षराने आणि कोमल लहान अक्षराने लिहितात. अक्षर-अक्षर वाचताना स्क्रीन रीडर मोठ्या अक्षराची सूचना देऊ शकतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, हे खरे. परंतु कोमलाची रेघ ही नुसती अधोरेखा न ठेवता स्वतंत्र युनिकोड चिन्ह म्हणून टंकली, तर एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरच्या उच्चारकोशात भर घालून ते चिन्ह ‘कोमल’ असे बोलवता येईल. ब्रेलच्या सहा टिंबांतून ६३ आकृत्या होतात. त्यांत आपली चिन्हे बसवता येतात. पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी म्यूझस्कोर या मोफत प्रणालीत ब्रेलची सोय आहेच. आपल्याला हवी ती एकच पद्धत, जी प्रत्येक परीक्षा मंडळ मान्य करील आणि प्रत्येक प्रकाशक वापरील. भातखंडे आणि पलुस्कर या दोन पद्धतींच्या अनुयायांचे कधी एकमत होत नाही, ही गोष्ट वेगळी.

श्रवणदोष असलेल्या मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे ‘गाणे’ हा शब्दच पालक टाळतात. श्रवणयंत्र मुळात बोलणे ऐकू यावे म्हणून बनवलेले असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, तो दाबायचा. लांबलेला सूर म्हणजे यंत्राचीच शिटी, ती पुसायची, असे त्याला शिकवलेले असते. आता तानपुरा काय करतो? एकसारखा चालतो. बासरी काय करते? सूर लांबवते. म्हणजे संगीताचा जो पाया, तोच हे यंत्र दोष समजून कापू पाहते, आणि मूल बेसूर गाते म्हणून बोलणी खाते. अनेक डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी करता येते. तीत हा शहाणपणा कमी किंवा बंद करतात. पालकांनी ऑडिऑलॉजिस्टकडे तिची विचारणा करावी, आणि यंत्र जुळवताना शक्य असेल तर मुलाचे वाद्य किंवा तानपुऱ्याचे ॲप सोबत न्यावे.

कॉक्लिअर इम्प्लांटची मर्यादा मोठी आहे. निरोगी कानाच्या शंखात ध्वनी मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या केशपेशी सुमारे साडेतीन हजार. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. बोलणे समजायला ते पुरेसे ठरते, पण शेजारशेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात. इथेही हरवतो तो कोमल-शुद्धाचा भेदच. ताल मात्र जवळजवळ शाबूत पोचतो. म्हणून अशा मुलाची सुरुवात सरगमने न करता तबला, ढोलकी, लेझीम यांनी करणे शहाणपणाचे, आणि स्वराकडे नंतर सावकाश वळावे. सरावाने काही मुलांची स्वराची जाण सुधारते. त्वचाही मदतीला येते. तिला २५० हर्ट्झच्या आसपासची कंपने सर्वांत चांगली जाणवतात. काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळपास, म्हणजे त्याच टापूत. तानपुऱ्याचा भोपळा अंगाला टेकवला की सूर लागल्याचे शरीराला कळते. बारीक श्रुतिभेद असे कळणार नाहीत, पण आधार मिळतो. लहानपणीच ऐकू येईनासे झालेल्या स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी वाजवतात, त्या जमिनीतून येणारी कंपने टिपण्यासाठी.

हातापायांचे अपंगत्व असलेल्यांसाठी जगात बरेच काही आहे. ब्रिटनमध्ये एका हाताने वाजवायची वाद्ये घडवून घेणारी ओएचएमआय ही संस्था आहे, आणि हवेत हात हलवला की सूर काढणारे साउंडबीमही तिथलेच. असली यंत्रे आपल्याकडे येतात ती बहुधा देणगीतून. उद्घाटनाचा फोटो निघतो आणि शिकवणारे कोणी नसल्याने ती कपाटात जातात. त्यापेक्षा पेटीचा भाता हा साधा प्रश्न आधी सोडवावा. एक हात भात्याला, एक पट्ट्यांना. ज्याला एकच हात आहे, त्याने काय करावे? भात्याच्या जागी छोटी विजेची मोटर बसवणे एखाद्या पेटी-कारागिराला अशक्य नाही. ते मान्य नसेल तर परीक्षेत कीबोर्ड चालवून घ्यावा.

कायदा याच्या आड येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २९ कलाविषयक अभ्यासक्रम दिव्यांगांना घेता येतील असे नव्याने आखायला सरकारला सांगते. पुस्तके दृष्टिहीनांना वाचता येतील अशा रूपात आणण्याची मुभा स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ पासून आहे. त्याच हेतूच्या मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत पहिला देश. भातखंडे १९३६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या मूळ मराठी पुस्तकांवर आता कोणाचा हक्कही उरलेला नाही. ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग आहेत. एखाद्या विद्यापीठाचा संगीत विभाग आणि संगणक विभाग एकत्र बसले, तर पहिला भाग वाचता येईल अशा चिन्हांत टंकून घ्यायला एक शैक्षणिक वर्ष पुरावे. तपासनीस म्हणून मात्र स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थीच हवा, कारण रेघ कुठे गळली हे डोळसाला ऐकू येणार नाही.