रायगडमध्ये नवा फुटबॉल क्लब निघाला, तर टिकेल का?

उद्या अलिबागमध्ये खालच्या डिव्हिजनचा व्यावसायिक फुटबॉल क्लब निघाला, तर चाहते मिळतील. पण क्लब टिकेल का? मुंबई-पुण्याचा अनुभव काय सांगतो, बघूया.

मुंबई एफसी आणि पुणे एफसी दोन्ही २००७ मध्ये सुरू झाले. दोन्ही दुसऱ्या डिव्हिजनमधून आय-लीगमध्ये पोहोचले. पुणे एफसी तर पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरा आला. आज दोन्ही बंद आहेत.

मैदान : कूपरेजचं काम सुरू असताना मुंबईचे 'घरचे' सामने पुण्यात, बालेवाडीला झाले. चाहत्यांनी दर वेळी घाट चढायचा?

लीग : २०१४ मध्ये आयएसएल आली, पण आय-लीग जिंकून तिथे बढती नव्हती. पुण्याचा मुख्य संघ २०१५ मध्ये थांबला. मुंबईची २०१७ मध्ये घसरण झाली आणि क्लबही संपला. बढतीचा रस्ता उघडला २०२३ मध्ये. त्या वाटेने पहिला गेला पंजाब एफसी.

मालकी : मालकाने हात काढला की संघ संपतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळासारखे संघ पेठेचे आहेत, म्हणून शाहू स्टेडियम आजही भरतं.

त्यामुळे नव्या क्लबची जर्सी घेण्याआधी एक प्रश्न विचारा : मालक गेला, तर क्लब कोणाचा?