वाळूचें दार

सिडनी शहराच्या उत्तरेस समुद्राकाठीं चार लहानमोठीं खारकच्छें एकापुढें एक आहेत : नॅराबीन, डी वाय, कर्ल कर्ल व मॅनली. पैकीं डी वाय येथील खारकच्छाविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. त्याचें समुद्राकडील मुख बहुतेक काळ वाळूनें बुजलेलें असतें. पाऊस पडून आंतलें पाणी चढलें म्हणजे तें वाळूचा बांध फोडून धांव घेतें. पुढें लाटा पुन्हा दार लावून घेतात. न्यू साऊथ वेल्स प्रांतांत असे उघडझाप करणारे जलाशय सुमारें 70 आहेत. नदी समुद्रास मिळते, एवढेंच आम्ही भूगोलाच्या तासाला शिकवितों. ती कित्येक महिने दाराशीं थांबूनही राहते, हें सांगावयाचें राहून जातें.

कोंडलेल्या पाण्यास घाण येते, सबब मुख सदैव खोदून मोकळें ठेवावें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें पटत नाहीं. सखल जागीं घरें झालीं आहेत. पाणी ठराविक पातळीस पोहोंचलें म्हणजे नगरपरिषद यंत्रानें वाळू कापते, त्यास आमची हरकत नाहीं. कोणाच्या माजघरांत पाणी शिरूं द्यावें असें कोण म्हणेल ? परंतु पातळी येण्यापूर्वींच मुख फोडलें तर पाण्यास जोर नसतो, पाट उथळ पडतो आणि वाळू लवकरच परत येते. शिवाय वरचें प्राणवायुयुक्त पाणी आधीं निघून जातें व तळाचें निकस पाणी मागें राहून मासे गुदमरतात. त्या प्रांतांत असे प्रसंग घडलेले आहेत. कांठच्या खारट दलदलींतील ठेंगण्या वनस्पतींस अधूनमधून बुडणें अवश्य असतें. अशा दलदली नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत, असें तेथील सरकारनें 2004 सालीं कायद्यान्वयें नोंदविलें आहे.

मग घाण येते कोठून ? रस्ते, छपरें व बागा धुऊन निघालेलें पाणी गटारांतून येथें येतें. त्यांतील खतावर शेवाळ माजतें व कुजतें. शेजारच्या कर्ल कर्ल येथें तर कांठची दलदल शहराच्या कचऱ्यानें भरून काढली व वर क्रीडांगणें केलीं. मुलें तेथें खेळतात हें चांगलेंच. पण खालचा कचरा पाण्यांत झिरपावयाचा थोडाच थांबतो!

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच, कीं पातळी येईपर्यंत नगरपरिषदेनें यंत्र आवरावें, आणि पैसा खर्चावयाचा तो गटारांच्या तोंडाशीं जाळ्या व गाळाचे खड्डे करण्यांत खर्चावा.