दप्तरात अडकलेली पदके

पदक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राष्ट्रपती भवनातला समारंभ उभा राहतो. नाव पुकारले जाते, मानपत्र वाचले जाते, जवान किंवा त्याची वीरपत्नी पुढे येते आणि सारे सभागृह स्तब्ध होते. शौर्यपदकांचा तो मान योग्यच आहे. पण आपल्या सैन्यातली बहुसंख्य पदके अशा समारंभात दिली जात नाहीत. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक होते. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. देशावर वेळ आली तेव्हा हा माणूस ठरलेल्या काळात गणवेशात हजर होता, एवढेच ती सांगतात. आणि ‘एवढेच’ म्हणजे किती, हे ज्यांच्या घरातला माणूस १९७१ च्या डिसेंबरात सीमेवर होता त्यांना विचारावे.

ही हजेरीची पदके. हजेरी आली की हजेरीपट आला, कारकून आला आणि कारकुनाच्या हातून कोरा राहिलेला रकानाही आला. त्या कोऱ्या रकान्याविषयी आज लिहायचे आहे.

सैनिकाचे आयुष्य कागदावर उतरते ते ‘पार्ट टू ऑर्डर’मधून. लग्न झाले, मूल झाले, बढती मिळाली, जखम झाली, पदकास पात्र ठरला, प्रत्येक गोष्टीचा असा आदेश पलटणीतून निघतो, तो अभिलेख कार्यालयात म्हणजे ‘रेकॉर्ड्स’मध्ये जातो आणि तिथे त्या जवानाच्या सेवापत्रकावर नोंद होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड्स बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. नौसैनिकांचे दप्तर तर आपल्या उपनगरातच, मानखुर्दच्या चीता कॅम्पात आहे. नोकरी संपताना जवानाच्या हाती पडते ते डिस्चार्ज बुक. त्यात पदकांचा रकाना असतो. पुढे जन्मभर सरकारच्या लेखी त्याचा पराक्रम त्या रकान्याएवढाच.

पूर्ण मुदत भरून निवृत्त होणाऱ्याचा रकाना बहुधा नीट भरलेला असतो. पदक जाहीर होते तेव्हा तो पलटणीतच असतो. नाव राहिले तर सुभेदारसाहेबांपुढे जाऊन उभा राहतो. अडचण होते ती राखीव सैनिकाची. एके काळी भूदलात जवानाची भरती दोन भागांत होत असे. सात वर्षे पलटणीत आणि आठ वर्षे राखीव दलात, ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली वाटणी. राखीव काळात तो गावाकडे शेती करी किंवा मुंबईला येऊन गिरणीत, गोदीत, रेल्वेत चिकटे. बोलावणे आले की हातातले काम टाकून निघायचे. प्रादेशिक सेनेचेही तसेच. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या सेनेत माणसे आपापला नोकरीधंदा सांभाळून येतात. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या कामी आल्या. पुढे श्रीलंकेतही आणि काश्मिरातही. युद्ध संपले की ही मंडळी परत आपल्या कामावर. पदके मात्र युद्धानंतर काही काळाने जाहीर होतात आणि याद्या त्याहून नंतर बनतात. यादी बनते तेव्हा राखीव सैनिक गिरणीत साच्यापुढे उभा असतो. त्याच्यासाठी विचारणार कोण?

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या शाखांत. बँकेचा माजी सैनिकांशी दुहेरी संबंध. एक तर त्यांची निवृत्तिवेतने तेव्हा आमच्या खिडकीवरून जात. दुसरे असे की, सरकारी बँकांत कारकुनांच्या १४.५ टक्के आणि शिपाईवर्गाच्या २४.५ टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव असतात. त्यांत युद्धात अपंग झालेले आणि वीरगती मिळालेल्यांचे वारसही आले. त्यामुळे शाखेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला गार्ड हा बहुधा कुठल्या तरी लढाईचा साक्षीदार असे.

आमच्या शाखेतले असे एक गार्ड साताऱ्याकडचे होते. १९६३ साली भरती, १९७० साली राखीव दलात, १९७१ साली तारेने पुन्हा बोलावणे आणि १९७२ साली परत घरी. म्हणजे दोन युद्धे. पण त्यांचे पुस्तक भरले गेले ते १९७० साली. रकान्यात १९६५ ची पदके होती, १९७१ चे एकही नव्हते. बँकेतून निवृत्त व्हायला दोनेक वर्षे उरली असताना एका दुपारी त्यांनी ते पुस्तक माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, “साहेब, पैशासाठी नाही. नातू विचारतो, आजोबा, एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही होता का? मी हो म्हणतो. पुस्तक नाही म्हणतं.”

अर्ज मी लिहिला, सही त्यांनी केली. महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर आले, की परत बोलावल्यानंतर कोणत्या तुकडीत, कोणत्या ठिकाणी, किती दिवस होता याचा पुरावा जोडावा. म्हणजे जो पुरावा दप्तरात असायचा तो दप्तरच सैनिकाकडे मागत होते! त्यांच्याकडे होती एक पिवळी पडलेली तार आणि बायकोला धाडलेल्या मनीऑर्डरचे एक कुपन, त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का. त्यांना राखीव दलाचे तुटपुंजे का होईना निवृत्तिवेतन होते, म्हणून कार्यालयात कागद तरी शिल्लक होते. दोन वर्षे पत्रव्यवहार चालला. अखेर संग्राम पदक रजिस्टर पार्सलाने आले. पश्चिमी स्टार आला नाही. ठिकाण सिद्ध झाले नाही. अशा पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. त्यांनी पदकाची पुढची बाजू पाहिलीच नाही. कडाच फिरवून फिरवून वाचली.

मी हिशेबातला माणूस, म्हणून हिशेबाचीच तुलना करतो. खातेदाराच्या खात्यात नोंद चुकली तर जुने व्हाउचर शोधणे हे बँकेचे काम असते. चूक सापडली की दुरुस्तीची नोंद होते आणि व्याज मूळ तारखेपासून लागते. दहा वर्षे कोणी विचारले नाही अशी ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. पण खातेदाराचा हक्क मरत नाही. तो किंवा त्याचा वारस केव्हाही येऊन मागू शकतो. अशा ठेवी लोकांना शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ काढले. विसरलेल्या चारशे रुपयांची एवढी काळजी! सैनिकाच्या कागदांचे काय? ज्याला निवृत्तिवेतन नाही त्याचे सेवापत्रक २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद सैन्याच्या नियमावलीत आहे. मागे उरते ती ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही, तीत माणसाचा सांगाडा तेवढा असतो. निवृत्तिवेतन नसलेले म्हणजे कोण, तर लवकर बाहेर पडलेले आणि प्रादेशिक सेनेत तुकड्यातुकड्यांनी सेवा केलेले. ज्यांच्या नोंदी राहून जाण्याचा संभव सर्वांत जास्त, त्यांचेच कागद सर्वांत आधी जातात.

कोणी म्हणेल, एका बिल्ल्यासाठी एवढा खटाटोप कशाला? नोंद म्हणजे केवळ हौस नव्हे. प्रादेशिक सेनेतल्या माणसाला ‘माजी सैनिक’ म्हणून सरकारी व्याख्येत जागा मिळते ती निवृत्तिवेतन असेल, सेवेमुळे अपंगत्व आले असेल किंवा शौर्यपदक असेल तर. पदकाची एक ओळ सुटली की माणूस व्याख्येबाहेर. नौदलाच्या राखीव दलाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. दहा वर्षे जहाजावर आणि पुढची दहा राखीव, या हिशेबाने नौसैनिक भरती झाले होते. ३ जुलै १९७६ रोजी ‘फ्लीट रिझर्व्ह’च बंद झाले. राखीव सेवेची नोंदच नाही, म्हणून राखीव निवृत्तिवेतनही नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो २०१६ साली. राखीव निवृत्तिवेतनाची मागणी मान्य झाली नाही, पण पात्र नौसैनिकांना विशेष निवृत्तिवेतनाची वाट मोकळी झाली. मध्ये चाळीस वर्षे गेली होती.

सैनिकी दप्तरावर अमेरिकेत याहून मोठे संकट आले होते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस इथल्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली खाक झाल्या. तिथे पगारपत्रके, दवाखान्यांच्या नोंदी, तुकड्यांचे रोजचे अहवाल जुळवून फायली पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घेण्यात आले. शिवाय सैनिकी नोंदी दुरुस्त करण्यासाठी त्या देशात स्वतंत्र मंडळे आहेत आणि त्यांवर मुलकी माणसे बसतात. दुसऱ्या महायुद्धात बर्फाळ समुद्रातून रशियाकडे जाणाऱ्या ताफ्यांवर काम केलेल्यांसाठी ब्रिटनने ‘आर्क्टिक स्टार’ दिला तो २०१३ साली. उशीर लाजिरवाणा होता, पण दार बंद झाले नव्हते. आपल्याकडे २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण काम करते आहे, मुंबईतही त्याचे पीठ आहे. पण ते शेवटी न्यायालय. पंचाहत्तरीच्या माणसाने एका रकान्यासाठी वकील लावावा, ही अपेक्षा बरी नव्हे.

मुरलीकांत पेटकरांचे नाव आता घरोघरी पोहोचले आहे. इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. ज्यांची कामगिरी जगाच्या विक्रमपुस्तकात छापलेली होती त्यांना बावन्न वर्षे लागली. ज्याची कामगिरी फक्त मनीऑर्डरच्या शिक्क्यात उरली आहे त्याने किती थांबायचे?

दुसरी बाजूही मांडायला हवी. खोटी पदके मिरवणारे असतात, खोटे दाखले करणारे असतात. मागेल त्याला पदक दिले तर खऱ्याची किंमत राहणार नाही. रेकॉर्ड्समधल्या माणसांपुढे लाखो फायली असतात आणि त्यांतले बहुतेकजण प्रामाणिकपणे काम करतात. पडताळणी कडक हवी याबद्दल वाद नाही. वाद आहे तो शोधाचा भार कोणाच्या खांद्यावर, याचा. कोणती तुकडी १९७१ च्या डिसेंबरात कुठे होती हे तुकडीच्या युद्धदैनंदिनीत असते, आणि ती दैनंदिनी सरकारकडे असते, सैनिकाच्या ट्रंकेत नव्हे. परत बोलावलेल्या राखीव सैनिकांच्या याद्या या दैनंदिन्यांशी एकदा ताडून पाहिल्या तर हजारो रकाने अर्ज न येताच भरता येतील. जिथे याद्याच उरलेल्या नाहीत तिथे पर्यायी पुरावा मान्य व्हावा: तार, मनीऑर्डरचे कुपन, मालकाकडची गैरहजेरीची नोंद. प्रादेशिक सेनेच्या कायद्याने सैनिकाला सेवेनंतर मूळ नोकरीवर परत घेणे मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा रेल्वे, गोदी, बँका यांच्या जुन्या दप्तरांत त्या रजा कुठे ना कुठे सापडतील. आणि २५ वर्षांनी कागद नष्ट करण्याचा नियम आता सोडून द्यावा. संगणकाच्या काळात जागा नाही ही सबब चालत नाही.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर घरातल्यांनी एक काम करावे. आजोबांची ट्रंक काढा. डिस्चार्ज बुक शोधा आणि त्यांच्याशेजारी बसून पानापानाने वाचा. क्रमांक, हुद्दा, तुकडी, भरतीची तारीख, राखीव दलात गेल्याची तारीख, परत बोलावल्याची तारीख वेगळ्या कागदावर उतरवा. नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा. राहिलेल्या नोंदीसाठी रेकॉर्ड्सकडे रजिस्टर टपालाने अर्ज करा आणि त्याची प्रत आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा. सैनिक हयात नसेल तर त्याच्या पत्नीने, मुलांनी हेच करावे.

पासष्टच्या युद्धात लढलेले आता ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे आहेत, एकाहत्तरचे सत्तरी ओलांडून गेले आहेत. बोलावणे आले तेव्हा त्यांनी पुरावा मागितला नव्हता. तार वाचली आणि मिळेल ती गाडी पकडली. दप्तराने निदान त्यांच्या हयातीत उत्तर द्यावे.